डाव्या अंगठ्याची हजेरी

संपादकांनी दिवाळी अंकासाठी लेख मागविला, तेव्हा मी त्यांना पहिला प्रश्न केला तो हा, की अर्ज कोणाच्या नावे करावयाचा आहे. ते हसले. म्हणाले, "अर्ज नको, अनुभव लिहा. वाचकांच्या नावे लिहा." आजवर मी जिल्हाधिकारी, तहसीलदार, वीज कचेरी, पाणीपुरवठा आणि क्वचित मंत्रिमहोदय यांच्या नावे लिहीत आलो. वाचक या अधिकाऱ्यास लिहिण्याचा प्रसंग प्रथमच येत आहे. त्यांचे अधिकार काय, मुदत काय, उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे किंवा कसे, याची मला माहिती नाही. तरीही लिहितो.

मी सेलूच्या कचेरीसमोर बसणारा अर्जनवीस. पत्र्याची शेड, एक टेबल, दोन खुर्च्या आणि माझे अक्षर, एवढी माझी स्थावर-जंगम मालमत्ता. शाळेने मला नववीत सोडले की मी शाळेला, याबाबत दोन मते आहेत. परंतु माझ्या हातचा कागद अक्षरासाठी किंवा भाषेसाठी आजवर परत आलेला नाही, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. एका नायब तहसीलदारांनी एकदा आतल्या खोलीत विचारले होते, "हा अर्ज कोणत्या वकिलाने लिहिला?" मी बाहेर बसून ऐकले. आत जाऊन खुलासा केला नाही. मोठेपण न मागता मिळाले, तर ते गप्प बसून घ्यावे.

बाहेरच्या माणसास आमचा धंदा सोपा वाटतो. तसा तो नाही. माणूस आपली गोष्ट आजोबांपासून सुरू करतो. अर्ज मागणीपासून सुरू करावा लागतो. मधले सगळे गाळणे, हीच आमची विद्या. कोण कोणास काय बोलले, कोण कोणाच्या लग्नास गेले नाही, कोणत्या बाईने पाण्यावरून काय टोमणा मारला, हे सर्व मी ऐकतो, आणि कागदावर उतरते ते एवढेच, की 'सबब सातबाऱ्यावर नोंद व्हावी ही विनंती'. नोंद होते किंवा होत नाही. गाळलेले मात्र कोठेच जात नाही. ते माझ्यापाशी राहते.

माझे उस्ताद हे निजामाच्या अमदानीत उर्दूतून अर्ज लिहिलेले वृद्ध मुन्शीजी. त्यांनी मला एक शिरस्ता लावून दिला. सही किंवा अंगठा घेण्यापूर्वी अर्ज अर्जदारास मोठ्याने वाचून दाखवायचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मागे माणसे खोळंबली असली तरी. "कागद कचेरीचा असतो बेटा," ते म्हणत, "पण ऐकताना तो माणसाचा झाला पाहिजे." हा शिरस्ता मी मोडलेला नाही. आता मागे कोणी खोळंबतही नाही. रस्त्यापलीकडे संगणकाचे केंद्र झाले. तेथे नाव-गाव सांगायचे, बटण दाबले की अर्ज गेला. माझ्याकडे आता तेच येतात, ज्यांचे म्हणणे त्या संगणकाच्या चौकटीत मावत नाही.

असे एक गृहस्थ आले होते. त्यांना सख्ख्या भावास अर्ज द्यायचा होता. एकाच घरात मध्ये भिंत घालून दोघे राहत. मी म्हणालो, "भावाला अर्ज कशाला? भिंतीवरून हाक मारा." ते म्हणाले, "हाक मारली तर मी हरलो म्हणंल. अर्ज दिला तर रीतसर हुईल." मी लिहून दिला. विषय : बोलणे सुरू करण्याबाबत. असा विषय मी त्यापूर्वी लिहिला नव्हता आणि नंतरही नाही. त्यांनी तो दोनदा वाचून घेतला, खिशात घातला आणि गेले.

दुपारी मी डबा टेबलावरच उघडतो. सौभाग्यवती नातवाच्या संगोपनाकामी पुण्यास गेल्या, त्या अद्याप परत आलेल्या नाहीत. याबाबत मी स्मरणपत्र दिलेले नाही. पोळ्या करणारी बाई सकाळी डबा भरून देते. जेवताना समोरची खुर्ची रिकामी असते, आणि अर्जदाराची खुर्ची म्हणून ती तशीच ठेवावी लागते.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. ते कामगारांच्या विम्याचे आहे. हा विषय मला येतो, असे मी म्हणतो ते पोकळ नाही. कायद्याचे जुने मराठी पुस्तक मी परभणीच्या रद्दीवाल्याकडून आणून पेन्सिलीने खुणा करीत वाचले आहे. काही पाने नव्हती, ती अनुभवाने भरली.

वाचकांसाठी सोपे करून सांगतो. कारखान्यातील कामगाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम विम्यात जाते, मालकही आपली भर घालतो. कामगार आजारी पडला किंवा कामावर जखमी झाला, की विम्याचे डॉक्टर तो तूर्त कामास असमर्थ असल्याचा दाखला देतात. दाखला चालू असेतोवर त्यास बुडालेल्या पगाराऐवजी भत्ता मिळतो. सगळी गोम 'बुडालेल्या' या शब्दात आहे. पगार बुडालाच नाही, तर भत्ता कशाचा? त्या दिवशी काम केले तर भत्ता नाही. भरपगारी रजा घेतली तर नाही. पगारी सुट्टी आली तरी नाही. दिवस एक, धनी एक.

हे लोकांना पटत नाही. बालाजी नावाचा डाळमिलमधला एक तरुण माझ्याकडे तावातावाने आला होता. कावीळ झाली, मालक भला निघाला, त्याने भरपगारी रजा दिली. बालाजीने वर विम्याचा भत्ताही मागितला. कचेरीने नाही म्हटले.

"मालकानं माझ्यावर उपकार केला का डाव टाकला, ते सांगा," बालाजी म्हणाला.

मी म्हणालो, "दुसऱ्याने आपल्या डोक्यावर छत्री धरली असताना आपण आपली उघडली, तर पाऊस दुप्पट अडत नाही. आजारपण दाखल्यावर काढावे आणि पगारी रजा लग्नकार्यासाठी राखावी. हे आधी विचारायला हवे होते."

त्याने बोटांवर हिशेब केला. "म्हंजे मालक वाईट असला तर विमा कामाला येतो, अन् मालक चांगला असला तर विमा रुसतो."

"बरोबर समजलात."

"चांगला मालक बी परवडत न्हाई बगा," असे म्हणून तो हसत निघून गेला. अर्ज लिहावाच लागला नाही.

रुस्तुमचे प्रकरण असे हसण्यावारी जाणारे नव्हते.

तो आला तेव्हा ऊन चढले होते. पन्नाशीच्या आतबाहेरचा, काटक माणूस. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, निळ्या रुमालाच्या झोळीत. "जय भीम, साहेब," म्हणून त्याने डाव्या हाताने कागद पुढे केला, आणि डावा हात पुढे केल्याबद्दल आधी माफी मागितली.

देवगाव फाट्याजवळ सरकीची एक तेलगिरणी आहे. जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचे, काम हंगामी, म्हणून तेथील मजूर या विम्यात येत नाहीत. तेलगिरणी बारमाही, म्हणून येतात. रुस्तुम तेथे घाण्यावर होता. पट्ट्यात हात गेला. बोटे वाचली, परंतु तळहाताची हाडे चुरली. डॉक्टरांनी बजावले होते, की हाडे जुळण्याआधी कामास लावाल तर हा हात कायमचा आखडेल. विमा चालू झाला, भत्ता मिळू लागला, आणि मग हा कागद आला. त्यात लिहिले होते, की असमर्थतेच्या काळात आपण रोज कामावर हजर असल्याचे व वेतन घेतल्याचे दिसून येते, सबब भत्ता थांबविण्यात येत असून आपण खुलासा करावा.

"कामावर गेला होता का?" मी विचारले.

"गेलतो. काम न्हाई केलं."

"मग कशाला गेला होता?"

"बसायला."

"बसायला? आणि हजेरी कशी लागली?"

त्याने सांगितले ते असे. अपघातानंतर मालक घाबरला. त्याने फाटकावर अंगठ्याचे यंत्र बसविले. अंगठा लावल्याशिवाय आडवा दांडा वर जात नाही, आणि कामावर नसलेल्या कोणासही आत घ्यायचे नाही, अशी सक्त ताकीद. रुस्तुमचा उजवा अंगठा प्लास्टरमध्ये. तेव्हा मुकादम शिवलिंगअप्पांनी त्याचा डावा अंगठा यंत्राला शिकवला. रोज दुपारी तो डावा अंगठा लावी, दांडा वर होई, तो आत जाई. यंत्राला माणूस राबायला आला की टेकायला आला, हे कळत नाही. महिना भरला तसा संगणकाने त्या दिवसांचा पगार काढला आणि त्याच्या खात्यात टाकला. मालकाला दया आली असे समजून त्याने तो खर्चही केला.

"म्हणजे डाव्या अंगठ्याने उजव्या हाताचा भत्ता घालवला," मी म्हणालो.

"तसंच झालं बगा," तो म्हणाला.

मी उपाय सांगितला. मुकादमाने लिहून द्यावे, की याच्याकडून काम घेतले नाही, केवळ आत येऊ देण्यासाठी अंगठा लावून घेतला. रुस्तुमने ताबडतोब मान हलवली.

"अप्पाचं नाव यायला नको, साहेब. मालकाचा हुकूम मोडून त्यानं मला आत घेतलं. कळलं तर उद्या त्याला काढतील. त्याचं बी वय झालंय. आता कुठं जाईल?"

"तुमचा भत्ता बंद झाला तर तुम्ही कोठे जाल?"

"घाण्यावर. दुसरं काय."

"आणि हात?"

त्याने झोळीतल्या हाताकडे पाहिले, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. "आखडंल," तो म्हणाला.

मी कागद ओढला. आमच्या धंद्यात एक गोष्ट जाणावी लागते. अधिकाऱ्याच्या मनात जो प्रश्न उभा राहणार, त्याचे उत्तर अर्जात आधीच उभे करावे. हात मोडलेला माणूस ऊन तुडवत रोज गिरणीत का जातो? याचे दुसरे कारण दिले नाही, तर अधिकारी काम हेच कारण धरणार. मी विचारले, "घरी कोण कोण आहे?"

"मीच हाय."

बायको दोन वर्षांपूर्वी वारली, मुलगी चुडाव्याला दिलेली. मला एवढे पुरेसे होते. मी लिहू लागलो, आणि खोटे कशाला सांगू, बऱ्याच दिवसांनी लेखणी अशी चालली. 'अर्जदार हा विधुर असून घरी एकटाच राहतो. दिवसभराच्या एकांताने त्याचे मन व्याकूळ होते. रिकाम्या घरात स्वतःच्याच पावलांचा आवाज त्यास सहन होत नाही. सबब केवळ मनुष्यमात्राचा सहवास लाभावा, या निर्मळ हेतूने तो गिरणीच्या आवारात जाऊन बसत असे.' पावलांच्या आवाजाचे त्याने मला सांगितले नव्हते. ते मला माहीत होते.

शिरस्त्याप्रमाणे मी मोठ्याने वाचून दाखविले. 'निर्मळ हेतूने' येथे पोचलो तेव्हा त्याने डावा हात वर केला.

"हे काढा."

"का? खोटे आहे?"

"खोटं न्हाई. पण सरकारला कशाला सांगायचं? अन् ते पुरं बी न्हाई."

"मग पुरे काय आहे ते सांगा."

तो खुर्चीतच पुढे सरकला. मग माझ्या डब्याकडे बोट करून म्हणाला, "साहेब, त्यात भाकर हाय का?"

त्या दिवशी योगायोगाने ज्वारीची भाकर होती. त्यास भूक लागली असेल, असे समजून मी डबा पुढे सरकवला.

"मला नको. तुमी मोडून दावा."

मी भाकर मोडली.

"दोन हात लागले का न्हाई?" तो म्हणाला. "शेजारच्या घरातली भावजय सकाळी दोन भाकरी ठिवून शेतात जाती. दुपारपर्यंत पापडावानी हुत्यात. पयल्या दिवशी गुडघ्याखाली दाबून मोडली. दुसऱ्या दिवशी खाल्लीच न्हाई. डाव्या हातानं घास तोंडात न्यायचं लय जिवावर येतंय. मग गिरणीत जायलो. तिथं समदे कडं करून बसत्यात. अप्पा माझी भाकर कुस्करतो, कुणी कालवण घालतं, कुणी कांदा देतं. पयले आठ दिवस अप्पानं घास भरवला. हातानं. तो लिंगायत, जंगमाच्या पाया पडणारा माणूस, कपाळाला भस्म. मी म्हणलं, अप्पा, लोक काय म्हणतील? तर म्हणाला, तोंड उघड, आमटी गळायली."

मी मोडलेली भाकर डब्यात ठेवली आणि म्हणालो, "हेच लिहू. याहून चांगले कारण मी तुम्हाला घडवून देऊ शकत नाही."

"न्हाई लिवायचं."

"भत्ता जाईल, रुस्तुमभाऊ."

"चुडाव्याला पोरगी हाय. बाप लोकाच्या हातानं खायलाय हे तिच्या कानावर गेलं, तर तिच्या ताटातली भाकर तिला उतरायची न्हाई. सासर सोडून पळत येईल. अप्पाचं नाव न्हाई, अन् हे बी न्हाई. बाकी तुमी कायबी लिवा."

बाकी राहिलेच काय होते? माझ्या हातच्या चांगल्या ओळी मी स्वतः खोडल्या. नव्याने लिहिले, की ज्या दिवसांचे वेतन अर्जदारास मिळाले, त्या दिवसांचा भत्ता तो मागत नाही. तथापि उर्वरित दिवसांचा दाखला कायम असल्याने त्यांचा भत्ता थांबवू नये. अर्जदार आवारात बसण्यासाठी जात असे, त्याने कोणतेही काम केलेले नाही. कायद्याने हे बिनचूक होते. फक्त 'बसण्यासाठी' हा शब्द लंगडा होता, आणि सारा अर्ज त्याच्याच पायावर उभा होता. वाचून दाखविले. रुस्तुमने डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली.

परभणीहून सुनावणीचे बोलावणे आले. मी त्याच्याबरोबर गेलो. माझी उपस्थिती आवश्यक आहे, असे मी त्यास सांगितले. वास्तविक अर्जनवीसास सुनावणीत बसता येत नाही. परंतु त्या दिवशी शेडमध्ये बसून राहणे मला जमले नसते.

अधिकारी म्हणजे एक तरुण बाई होत्या. शांत, मोजके बोलणाऱ्या. उकाड्यामुळे दार उघडे होते. मी बाहेरच्या बाकावर बसलो. प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"रुस्तुमराव, पगार घेतलेल्या दिवसांचा भत्ता मिळणार नाही."

"ते मान्य हाय, मॅडम. तसं लिवलंच हाय."

"लिहिलंय, आणि बरोबर लिहिलंय. माझ्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. रोज गिरणीत जाऊ शकणारा माणूस कामाला असमर्थ कसा? काम करत नव्हता, तर रोज दुपारी कशाला जात होता?"

"बसायला."

"बसायला घर नाही का?"

पंख्याचा आवाज येत राहिला.

"हे पाहा," बाई म्हणाल्या, "मला तुमचं वाईट करायचं नाही. पण या उत्तरावर माझं समाधान होत नाही. तुम्ही नीट सांगितलं नाही, तर मला तुमचा दाखला फेरतपासणीला पाठवावा लागेल. तोवर भत्ता बंद राहील."

फेरतपासणी होईतोवर तो घाण्यावर उभा असेल, हे मला कळत होते. मी उठून दारात गेलो.

"मॅडम, परवानगी असेल तर..."

"आपण कोण? वकील?"

"नाही. अर्ज माझ्या हातचा आहे."

"अक्षर छान आहे," बाई म्हणाल्या. "बाहेर बसा."

रुस्तुमने मागे वळून माझ्याकडे पाहिले. मी ओठ मिटून बाकावर येऊन बसलो. उत्तर माझ्या तोंडात होते. ते माझे नव्हते.

मग त्याचा आवाज आला, अगदी हलका.

"मॅडम, कागदात लिवणार नसाल तर सांगतो."

"तुमचं उत्तर मला लिहावंच लागतं."

"मग थोडंच लिवा." तो थांबला. "भाकर मोडायला जायलो, मॅडम."

"काय?"

"घरी भाकर हाय. मोडायला हात न्हाई."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग विचारले, "तिथं कोण मोडून द्यायचं?"

मी बाकाची कड धरली.

"कुणी एक न्हाई. समदेच," रुस्तुम म्हणाला.

"आत कोणी सोडलं?"

"अंगठ्यानं."

बाईंनी तो प्रश्न पुढे ताणला नाही. त्यांना कळले नाही असे मला वाटत नाही. लेखणीचा आवाज आला, आणि मग त्यांनी लिहिलेले त्यास वाचून दाखविले. "'अर्जदार आवारात भोजनासाठी जात असे. काम केल्याचे दिसून येत नाही. हाताची स्थिती पाहता दाखला योग्य आहे.' चालेल?"

"चालंल."

'भोजनासाठी.' एका शब्दात सत्य आले होते आणि त्याची लाजही झाकली होती. मला तो सुचला नव्हता.

"भत्ता पुन्हा चालू होईल," बाई पुढे म्हणाल्या. "पण दाखला आहे तोवर गिरणीच्या आत पाऊल टाकायचं नाही. अंगठा लावायचा नाही. पुन्हा हजेरी दिसली, तर मला काही करता येणार नाही."

"डावा बी न्हाई?"

"डावाही नाही."

बसस्थानकावर आम्ही सेलूच्या बसची वाट पाहत उभे होतो. मी त्याचे अभिनंदन केले. परभणीतील सुनावणीत माझ्या अर्जातील मुद्दा अक्षरशः मान्य झाल्याचे मी त्यास समजावून सांगितले. त्याने मान डोलावली, परंतु चेहरा काही उजळला नाही.

"आता काय झाले? हात वाचला की."

"हात वाचला," तो म्हणाला. "उद्या दुपारी काय करू?"

हा मुद्दा माझ्या ध्यानी आला नव्हता. भत्ता मिळवून देताना जेवणाऱ्यांचे ते कडे मी त्याच्याकडून काढून घेतले होते. मी घाईने म्हणालो, "सेलूला येत जा. माझ्याकडे. मीही एकटाच जेवतो. भाकर मोडून देईन."

तो हसला. मनापासून हसला. "तुमच्या खुर्चीवर रोज येऊन बसलो, तर गाव म्हणंल, रुस्तुमनं आता आणखी कुणावर अर्ज केला?"

मीही हसलो. ते बरोबरच होते. माझ्याकडे विनाकारण कोणी येत नाही; कोणी आलेच, तर लोक कारण शोधतात.

बस लागली. आम्ही चढलो, शेजारी बसलो. मानवत मागे पडेपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता. मग एकदम माझ्याकडे वळला.

"साहेब, फाटकाच्या भाईर बसलं तर?"

मी सरसावून बसलो. "बाहेर म्हणजे कोठे?"

"रस्त्याच्या कडंला लिंब हाय. त्याच्या खाली."

"जागा गिरणीची?"

"न्हाई. सरकारी."

"अंगठा?"

"न्हाई लावायचा."

"काही काम? ट्रक मोजणे, कोणास हाक मारणे, दांडा उचलणे?"

"कायबी न्हाई. नुस्तं खायाचं."

मी डोळे मिटून पुस्तकातील उरलेली पाने आठवली. मग त्यास माझे मत सांगितले. हजेरी नाही, वेतन नाही, काम नाही. मालकाच्या फाटकाबाहेर बसून भाकर खाण्यास कायद्याची कोणतीही हरकत नाही. "परंतु," मी म्हणालो, "तुम्ही बाहेर आणि कडे आत. तुमच्याजवळ येऊन बसणार कोण?"

"ते मी इचारतो," रुस्तुम म्हणाला.

सेलूला उतरल्यावर त्याने फाट्याकडची गाडी धरली. त्यानंतर तो माझ्याकडे आला नाही. त्यास येण्याचे कारणही नव्हते.

काही दिवसांनी मी चारठाण्याकडे जाणाऱ्या बसमध्ये होतो. भर दुपार. फाट्याजवळ गतिरोधकावर गाडी मंदावली, आणि मला ते फाटक दिसले. दांडा आडवा होता, आत कोणी नव्हते. सगळे बाहेर होते. रस्त्याच्या कडेच्या कडुलिंबाखाली, धुळीत, गड्यांचे आणि बायांचे एक मोठे कडे बसलेले. जेवणाची सुट्टी कामगाराची स्वतःची असते. त्या वेळात तो अंगठा लावून बाहेर आला आणि अंगठा लावून आत गेला, तर यंत्रास तक्रार नसते. आमच्या बसने उडवलेली धूळ अंगावर येऊ नये, म्हणून एका बाईने सर्वांच्या डब्यांवर पदर धरला होता. कपाळाला भस्म लावलेला एक म्हातारा ताटलीत भाकर कुस्करत होता. त्याच्याशेजारी रुस्तुम. प्लास्टरचा हात मांडीवर, तोंडात घास, आणि तो काहीतरी सांगत होता. त्यावर सगळे कडे हसले. त्याला एवढे बोलता येते, हे मला माहीत नव्हते.

मी खिडकीतून हात बाहेर काढून उंचावला. कोणी वर पाहिले नाही. जेवणारी माणसे येणाऱ्या-जाणाऱ्या बसकडे पाहत नसतात. गाडीने वेग घेतला, तसा मी हात आत घेतला, आणि मान वळवून, लिंब दिसेनासा होईपर्यंत मागे पाहत राहिलो.